चीनला इंग्रजी नको, गणित शिकवायला जा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«मी कोल्हापूरची, वय २९. गणितात बी.एस्सी., नंतर बी.एड. केलं, त्यात गणित आणि इंग्रजी या दोन पद्धती. साडेचार वर्षं एका सीबीएसई शाळेत आठवी ते दहावीला हेच दोन विषय शिकवते. पुण्याच्या एका एजंटाने चीनमधल्या झेंगझौ शहरात इंग्रजी शिक्षिकेची नोकरी आणली आहे. सकाळी बालवाडी, शनिवार-रविवार ट्रेनिंग सेंटर, पगार महिना १६,००० युआन, खोली फुकट. एकूण २ लाख ४० हजार रुपये मागितलेत, ५० हजार दिलेत. तीन आठवड्यांत निघायचं आहे. सध्या एम व्हिसा मिळेल, तिकडे पोचल्यावर वर्क व्हिसात बदलून देतील, असं तो म्हणतो. जाऊ का? नवऱ्याला सोबत नेता येईल का? पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाने आहे, पदवी माहेरच्या नावाने, त्याने अडेल का? आणि मी शाकाहारी आहे.» – सा. पा.

नमस्कार.

उरलेले १ लाख ९० हजार भरू नका. पासपोर्ट किंवा मूळ पदवी एजंटाकडे असेल तर आजच जाऊन परत घ्या, बाकीचं त्यानंतर वाचा.

एम व्हिसा व्यापारासाठी असतो. माल बघायला, करार करायला, प्रदर्शनाला जाणाऱ्यांसाठी. त्यावर वर्गात उभं राहून शिकवणं ही चीनच्या कायद्यात सरळ बेकायदा नोकरी आहे. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात याची शिक्षा स्पष्ट लिहिली आहे: ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर त्यासोबत ५ ते १५ दिवस कोठडी, आणि त्यानंतर देशाबाहेर काढता येतं. हद्दपारीचा शेरा बसला की १० वर्षं चीनची दारं बंद. दंड कामावर ठेवणाऱ्या मालकालाही होतो, पण तो धंद्याचा खर्च म्हणून भरून मोकळा होतो. कोठडीत शिक्षक बसतो.

«तिकडे गेल्यावर बदलून देऊ» हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येतं. वर्क व्हिसा, म्हणजे झेड व्हिसा, भारतात असतानाच घ्यायचा असतो. त्याआधी चीनमधल्या शाळेने तुमच्या नावाचं काम-परवान्याचं सूचनापत्र काढावं लागतं. चीनमध्ये राहूनच एमवरून कामाच्या परवान्यावर जाण्याची सवलत फार वरच्या दर्जाच्या तज्ज्ञांना आणि मोजक्या अपवादांना मिळते. बालवाडीच्या शिक्षिकेला ती मिळत नाही. होतं असं की तीन महिन्यांनी एमची मुदत संपत येते, मालक हाँगकाँगला जाऊन परत यायला सांगतो, पुन्हा एम, पुन्हा तेच. मधल्या काळात पगार रोख किंवा कुणाच्या तरी खासगी खात्यातून येतो. तो थकवला तर तक्रार करायला जाणार कुठे? तक्रार करणं म्हणजे स्वतःच्या बेकायदा नोकरीची कबुली देणं, आणि मालकाला हे चांगलं ठाऊक असतं.

तीन आठवड्यांची घाईही यातच मोडते. कायदेशीर मार्गाने कागद, सूचनापत्र आणि व्हिसा मिळून अडीच ते चार महिने लागतात. तीन आठवड्यांत जे होतं ते एम व्हिसावरच होतं.

आता थोडं कडू. हाच एजंट उद्या झेड व्हिसा देतो म्हणाला, तरी «इंग्रजी शिक्षिका» या पदावर भारतीय पासपोर्टला वाट जवळजवळ नाही. चीनचा नियम असा की परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी. इंग्रजीपुरते मातृभाषक देश म्हणून तिथली कार्यालयं साधारणपणे सातच धरतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी अर्ज पाहणारा अधिकारी इंग्रजी ऐकत नाही, पासपोर्टचं मुखपृष्ठ बघतो. या सात देशांतल्या विद्यापीठाची पदवी असेल तर काही ठिकाणी सूट मिळते. तुमची पदवी भारतातली आहे, म्हणून तीही वाट बंद. ऑनलाइन १२० तासांचा टेफल, म्हणजे परकीयांना इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स करून हे सुटत नाही. त्या प्रमाणपत्राने दोन वर्षांच्या अनुभवाची अट माफ होते, नागरिकत्वाची नाही. पुण्या-मुंबईत हे कोर्स «चीनसाठी» म्हणून विकले जातात, त्यावर पैसे घालू नका.

शिवाय ज्या कामासाठी तुम्हाला बोलावलंय तेच तिथे अडचणीत आहे. २४ जुलै २०२१ ला चीनने शिकवण्यांवर जे धोरण आणलं, «दुहेरी भार कमी करणे» या नावाने, त्यात पहिली ते नववीच्या मुलांना शालेय विषयांची शिकवणी शनिवार-रविवार आणि सुट्टीत देणं बंद झालं. इंग्रजी शालेय विषयांतच येतं. शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी परकीय भाषेचे शिकवणीवर्गही बंद झाले. त्याच ऑगस्टमध्ये वॉल स्ट्रीट इंग्लिशसारख्या मोठ्या साखळीने तिथला गाशा गुंडाळला. म्हणजे तुमचं शनिवार-रविवारचं काम व्हिसा बाजूला ठेवला तरी संशयास्पद आहे, आणि परवाना बालवाडीच्या नावाचा असता तरी सेंटरमध्ये शिकवणं परवान्याबाहेरचं काम ठरलं असतं. बालवाड्यांची तऱ्हा वेगळी. २०१६ मध्ये चीनमध्ये १ कोटी ७८ लाख ६० हजार मुलं जन्मली, २०२३ मध्ये ९० लाख २० हजार. मुलंच नाहीत म्हटल्यावर खासगी बालवाड्या हजारोंनी बंद होताहेत. उरलेल्या बालवाड्या दारावर परदेशी चेहरा दिसावा म्हणून स्वस्तात कुणी मिळतंय का ते बघतात, आणि एजंट तिथेच माणसं पुरवतो.

५० हजारांचं काय? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे. त्यात याचं नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. चीनमधल्या शिक्षकभरतीत तर एजंटाची फी शाळाच देते, शिक्षकाने काही द्यायचं नसतं. एजंटाला लेखी, म्हणजे ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, विचारा: व्हिसाचा प्रकार कोणता, परवान्यावर मालक म्हणून कोणाचं नाव, पद कोणतं. उत्तरात «एम» आलं की तोच तुमचा पुरावा. मग पैसे परत मागणारं पत्र रजिस्टर एडीने पाठवा. दाद लागली नाही तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सरकारी, कार्यालयात आणि पोलिसांत तक्रार द्या. पैसे रोख दिले असतील तर आधी त्याच्याकडून गोड बोलून पावती मिळवा, भांडण नंतर.

तुमच्या पत्रात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: गणितात बी.एस्सी., बी.एड., साडेचार वर्षं.

विषयशिक्षकांना मातृभाषेची अट लागू होत नाही. त्यांना लागतं ते एवढंच: पदवी, पदवीनंतर संबंधित कामाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, वय ६० च्या आत आणि स्वच्छ पोलीस दाखला. हे सगळं तुमच्याकडे आहे. चीनमध्ये गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक हे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना झेड व्हिसा मिळतो, आणि पगारही बालवाडीपेक्षा बरा असतो. साधारण २० ते ३० हजार युआन. भारतीय उमेदवाराला बोली बहुधा खालच्या टोकाला लागते, हेही धरून चला.

शोध कुठे घ्यायचा ते नीट समजून घ्या, कारण «इंटरनॅशनल स्कूल» ही पाटी तिथे दोन वेगळ्या संस्थांवर असते. एक, परदेशी नागरिकांच्या मुलांसाठीच्या शाळा. इथे पगार उत्तम, पण आयबी किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांचा अनुभव मागतात. सीबीएसईवरून थेट शिरकाव अवघड आहे. दुसऱ्या, चिनी मुलांसाठीच्या खासगी द्विभाषिक शाळा आणि सरकारी शाळांना जोडलेले आंतरराष्ट्रीय विभाग. १ सप्टेंबर २०२१ पासून पहिली ते नववीच्या सक्तीच्या शिक्षणात परदेशी पाठ्यपुस्तकं चालत नाहीत, म्हणून या ठिकाणी खरी गरज दहावी ते बारावीला आहे, जिथे मुलं ए लेव्हल किंवा अमेरिकन एपी करून परदेशी विद्यापीठात जायला निघालेली असतात. तुमचं लक्ष्य इथे ठेवा. शांघाय-बीजिंगच्या मागे लागू नका. चेंगदू, वूशी, चिंगदाओ, झेंगझौ अशा दुसऱ्या फळीच्या शहरांत स्पर्धा कमी आणि घरभाडं निम्म्यावर.

तुम्ही दहावीपर्यंत शिकवता, त्यांना अकरावी-बारावीचा शिक्षक हवा. ही दरी दोन-तीन महिन्यांत भरून काढता येते. केंब्रिजचा ए लेव्हल गणिताचा अभ्यासक्रम ९७०९ या क्रमांकाचा आहे, तो आणि मागच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. शुद्ध गणिताचा भाग आपल्या बारावीच्या आवाक्यातला आहे. नवीन वाटतील ते दोन भाग, यामिकी आणि संभाव्यता-संख्याशास्त्र. सवयीतला फरकही लक्षात घ्या: सीबीएसईच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, इथे असतो, आणि गुण उत्तराइतकेच पद्धतीला असतात. गुणदान तक्ते वाचल्याशिवाय मुलाखतीला बसू नका.

मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावतात. अवघड प्रमेय निवडू नका. चिनी मुलं बीजगणितात इतकी तरबेज असतात की तुमचं फळ्यावरचं गणित तुमच्याआधी सोडवतील. ती अडतात शाब्दिक उदाहरणांत, कारण प्रश्नातलं इंग्रजी डोक्यावरून जातं. «अॅट लीस्ट», «नॉट मोअर दॅन», «गिव्हन दॅट» अशा शब्दांनी संभाव्यतेचं उदाहरण कसं बदलतं ते दाखवणारा पाठ घ्या. गणित आणि इंग्रजी दोन्ही शिकवलेली शिक्षिका तिथे नेमकी उपयोगाची आहे, आणि ते परीक्षकाला सांगायची गरज पडणार नाही, पाठातच दिसेल.

शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. परदेशी शिक्षकांची भरती हिवाळ्यात सुरू होऊन मेपर्यंत चालते. ऑगस्टच्या मध्यावर पोचायचं तर सूचनापत्र मे-जूनमध्ये हातात हवं, म्हणजे कागद त्याआधी तयार हवेत. कागदांचं काम आजपासून सुरू करा, नोकरी मिळायची वाट बघू नका.

कागद

एक सापळा आधी सांगते. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीनमध्ये अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागदाला मान्यता देणारा करारानुसारचा एकच शिक्का, चालू झालं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही. आपल्या कागदांना अजून जुनीच साखळी आहे: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग चीनच्या वाणिज्य दूतावासाचं. महाराष्ट्रातल्या पदवीसाठी पहिली पायरी मुंबईत उच्च व तंत्रशिक्षण विभागाची, विवाह प्रमाणपत्रासाठी गृह विभागाची. काउंटरवरचा माणूस सवयीने अपोस्टिलचं स्टिकर लावून देईल. अर्जावर «साधं साक्षांकन, देश चीन» असं लिहिलंय ना, ते सही करण्याआधी बघा. अपोस्टिल लावलेली पदवी मुंबईच्या चिनी वाणिज्य दूतावासात परत पाठवतात आणि महिना वाया जातो.

पदवी म्हणजे दीक्षान्त समारंभानंतरचं पदवी प्रमाणपत्र. गुणपत्रिका आणि तात्पुरतं प्रमाणपत्र चालत नाही. आपल्याकडे निम्म्या लोकांनी ते विद्यापीठातून उचललेलंच नसतं, आणि ज्यांनी उचललं त्यांनी कौतुकाने लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. घरी इस्त्रीने ते सोडवायला जाऊ नका, शाई प्लॅस्टिकसोबत निघून येते. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवा.

आता तुमचा नावाचा प्रश्न, कारण अडतं ते इथेच. समजा पदवीवर «जाधव सायली दिलीप» आहे आणि पासपोर्टवर पहिलं नाव «सायली निखिल», आडनाव «पाटील». आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. झेंगझौच्या कार्यालयातल्या माणसाला मात्र या दोन वेगळ्या बाया दिसतात, कारण तीनपैकी दोन शब्द जुळत नाहीत. पासपोर्ट बदलू नका, पदवीही बदलू नका. मधला दुवा द्या: विवाह प्रमाणपत्र, ज्यावर माहेरचं आणि सासरचं दोन्ही पूर्ण नावं आहेत, आणि ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी प्रतिज्ञापत्र. नाव राजपत्रात बदलून घेतलं असेल तर तेही. हे दुव्याचे कागदही वरच्या साखळीतून न्यायचे. विवाह प्रमाणपत्रावर स्पेलिंगची चूक असेल, आणि ती बऱ्याचदा असते, तर महापालिकेत आधी दुरुस्त करून घ्या. शाळेला पहिल्याच ईमेलमध्ये दोन्ही नावं कळवा, म्हणजे सूचनापत्र पासपोर्टवरच्या नावाने, त्याच क्रमाने निघेल. पुढे बँक खातं, सिमकार्ड, निवास परवाना सगळं याच नावावर उघडतं. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी घातलं की मोबाइलवरची पैसे देण्याची सोय चालू होत नाही.

अनुभवाचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, संपर्काचा फोन, रुजू तारीख, «पूर्णवेळ» हा शब्द, आणि विषयात गणित पहिलं. «इंग्रजी व गणित शिक्षिका» असं लिहून आणलंत तर पदाशी जुळणीचा प्रश्न विचारतील. तुम्ही गणित शिकवतच होतात, त्यामुळे क्रम बदलण्यात खोटं काही नाही. पत्रावरचा फोन तिकडून लावला जातो, ऑफिसमधल्या शिपायालाही तेवढी कल्पना देऊन ठेवा.

पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून, शुल्क ५०० रुपये. तो सहा महिन्यांहून जुना चालत नाही, म्हणून हा कागद शेवटी काढायचा, वैद्यकीय तपासणीही तशीच. पदवी, विवाह आणि अनुभवाच्या कागदांची वैधता संपत नाही. वैद्यकीय तपासणीचा चीनचा ठरावीक नमुना असतो: रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी. फोटोवर अर्धा येईल असा रुग्णालयाचा शिक्का लागतो. पोचल्यावर तपासणी बहुधा पुन्हा होते, त्यामुळे इथे महागड्या पॅकेजच्या नादी लागू नका.

शाळा पारखणं आणि करार

ऑफर आली की शाळेचं चिनी लिपीतलं पूर्ण नाव आणि १८ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक मागा. देत नसतील तर पुढे बोलणं नको. संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर चीनच्या सरकारी कंपनी-नोंदणी संकेतस्थळावर तो टाकून बघता येतो. सध्या तिथे असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा, आणि त्याला एवढं विचारा की पगार कोणत्या तारखेला होतो आणि निवास परवाना कोणाच्या नावाने आहे. परवान्यावर एजन्सीचं नाव आणि शिकवायचं तिसऱ्याच शाळेत, असा प्रकार बराच चालतो. परवाना मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे तपासणी आली की अडचणीत तुम्ही येता.

करार दोन भाषांत असतो, आणि वाद झाला की चिनी मजकूर ग्राह्य धरतात. चिनी प्रत स्वतंत्र अनुवादकाला दाखवा, त्याचे दोन-चार हजार रुपये जाऊ द्या. आठवड्याचे तास किती, हे विचारताना तासिका आणि शाळेत थांबायचे तास वेगळे विचारा. वीस तासिकांची नोकरी चाळीस तास खुर्चीत बसायची असू शकते, आणि तेही चालतं, पण आधी माहीत हवं. एक वर्षाहून कमी कराराला परिवीक्षा एक महिन्याहून जास्त नको, तीन वर्षांपर्यंतच्या कराराला दोन. «मध्येच सोडल्यास अमुक हजार दंड» हे कलम काढून टाकायला सांगा. काढणार नाहीत, पण रक्कम खाली येते. नोकरी सोडताना शाळेने कामावरून मुक्त केल्याचं पत्र आणि परवाना रद्द केल्याचं पत्र द्यायचं असतं. हे दोन्ही किती दिवसांत देणार ते करारात लिहून घ्या. ते हाती नसेल तर चीनमध्ये दुसरी नोकरी होत नाही, आणि कुरबुर झालेल्या शाळा हे कागद दाबून ठेवतात.

पगाराचा हिशेब हातात पडणाऱ्या रकमेवर करा. समजा महिना २०,००० युआन. परदेशी नोकरदारांनाही २०११ पासून तिथली सामाजिक विमा वर्गणी आहे आणि भारत-चीन यांच्यात त्यातून सूट देणारा करार नाही. पेन्शन ८ टक्के, आरोग्य २, बेरोजगारी अर्धा, मिळून साधारण २,१०० युआन. प्राप्तिकरात महिना ५,००० ची वजावट. उरलेल्या १२,९०० वर वर्षाचा कर काढला तर महिन्याला सरासरी १,१७० पडतो. हातात १६,७३० युआन. युआन १२-१३ रुपयांना धरला तर २ लाखांच्या वर. कर वर्षभराच्या साचत जाणाऱ्या उत्पन्नावर कापतात, म्हणून जानेवारीत हातात जास्त आणि डिसेंबरमध्ये कमी पडतं. अकाउंटंटशी भांडू नका. घरभाडं भत्ता म्हणून वेगळं दाखवून, सरकारी पावती जोडून घेतलं तर परदेशी नोकरदाराला त्यावर २०२७ अखेरपर्यंत कर नाही. करार करतानाच पगार तसा फोडून घ्या. देश कायमचा सोडताना पेन्शनमधला स्वतःचा ८ टक्क्यांचा भाग परत मिळतो.

करभरणा दाखला दर वर्षी काढून ठेवा. पैसे घरी पाठवताना बँक तो, करार आणि निवास परवाना बघते आणि कर भरलेला पगार पाठवू देते. हे कागद नसतील तर दिवसाला ५०० डॉलरइतकंच चलन बदलता येतं. एम व्हिसावरच्या रोख पगाराचा १६,००० चा आकडा कागदावर कितीही गोंडस असला, तरी तो कोल्हापूरला पोचवणं हीच वेगळी कसरत असते.

पोचल्यावर

उतरल्यापासून २४ तासांत पोलीस ठाण्यात राहण्याची नोंद. हॉटेल ती स्वतः करतं, पण फ्लॅटमध्ये उतरलात तर तुम्ही करायची, घर बदललं तर पुन्हा. १५ दिवसांत शाळा काम-परवान्याचा अर्ज करते. १ डिसेंबर २०२४ पासून वेगळं कार्ड मिळत नाही, परवाना सामाजिक सुरक्षा कार्डाला जोडलेला असतो. ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. त्यासाठी पासपोर्ट पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात पंधरा दिवसांपर्यंत राहतो आणि बदल्यात फोटो असलेली पावती मिळते. तेवढ्या काळात पासपोर्ट देणं रास्त आहे. त्यानंतर «शाळेच्या तिजोरीत सुरक्षित राहील» म्हणून कुणी मागितला तर द्यायचा नाही. झेंगझौसाठी भारतीय मदतीचं ठिकाण बीजिंगचा दूतावास, त्याखेरीज शांघाय आणि ग्वांगझौला वाणिज्य दूतावास आहेत.

नवऱ्याला एस१, म्हणजे तिथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या कुटुंबासाठीच्या, व्हिसावर नेता येतं, विवाह प्रमाणपत्र त्याच साखळीतून साक्षांकित करून. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. भारतातल्या कंपनीचं काम घरून करण्याचा विचार असेल तर तोही परवान्याबाहेरचाच. पहिलं सत्र एकट्याने काढा, निवास परवाना हातात आला की मग बोलवा, असं माझं मत.

फोनचं आधी बघा. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब बंद, आणि तिथे ज्याशिवाय पान हलत नाही ते संदेशांचं आणि पैसे देण्याचं वीचॅट अॅप भारतात २०२० पासून बंद. घरच्यांशी बोलायला सुरुवातीचे दिवस भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घ्या. त्यावर आपली अॅप चालतात, आणि बँकेचा ओटीपीही त्याच क्रमांकावर येत राहतो. तो क्रमांक बंद पडू देऊ नका. पॉवर बँकेवर चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं «सीसीसी» चिन्ह नसेल तर २८ जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानात ती काढून घेतात. ग्वांगझौहून पुढचं विमान असेल तर इथूनच नेऊ नका, तिकडे घ्या.

शाकाहाराचं: भाजीच्या पदार्थातही डुकराची चरबी, कोळंबीची पूड किंवा कोंबडीचं पाणी असतं, आणि «मांस नको» म्हटलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच पदार्थ देतात. बौद्ध शाकाहारी खानावळी मोठ्या शहरांत असतात, त्यात कांदा-लसूणही नसतो. रोजच्या जेवणासाठी घरी स्वयंपाक हाच उपाय. तांदूळ, सोयाबीन, टोफू, पालेभाज्या मुबलक आणि स्वस्त. तूरडाळ, हिंग आणि गोडा मसाला सोबत न्या. वीज २२० व्होल्ट आहे, त्यामुळे मिक्सर चालेल, पण आपली जाड पिन तिथल्या खोबणीत जात नाही. कुकर मात्र गॅसच्या शेगडीवरचा नेण्याआधी घरात शेगडी कोणती आहे ते विचारा. शिक्षकांच्या खोल्यांत बऱ्याचदा इंडक्शन असतं आणि त्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही.